कपाळावरचं मीठ

माझी जीभ तिखट आहे असं सगळे म्हणतात, आणि खोटं कशाला बोला, आहेच. पण त्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीला माझी जीभ वेगळ्याच कामाला हवी होती. दर रविवारी सकाळी, मुलींच्या अंघोळी व्हायच्या आत मी तिच्या घरी जायचं, साध्या पाण्याने खळखळून चूळ भरायची, आधी थोरलीच्या आणि मग गुंडीच्या कपाळाचा पापा घ्यायचा, आणि ओठ चाटून सांगायचं की आज किती खारट.

ऐकायला वेडेपणा वाटतो ना? मलाही वाटायचा. पण त्या घरात सगळ्यांचा जीव त्या मिठावर टांगलेला होता.

माझ्या दोन्ही भाच्यांना जन्मापासून एकच आजार आहे. घामात मीठ फार, आणि छातीतला कफ इतका चिकट की रोज दोन वेळा पाठीवर थापट्या मारून तो मोकळा करावा लागतो. थोरली तेरा वर्षांची, उंच, अबोल, दोन भुवयांमध्ये कायम आठी. धाकटी जन्मली तेव्हा एवढीशी होती, कोटाच्या गुंडीसारखी, म्हणून ती गुंडी. नऊ वर्षांची झाली तरी अंगावर मूठभर मांस नाही, बडबड मात्र चार माणसांची. आजार दोघींचा सारखाच, पण गुंडीला तो जास्त छळतो. त्या हिवाळ्यात ती दोनदा हॉस्पिटलात राहून आली होती, एकदा तर नाकावर ऑक्सिजनचा मास्क लावून. मुलींचा बाप लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो. महिन्यातून चार दिवस घरी असतो, त्यातले दोन झोपेत जातात. त्यामुळे निस्तरायचं सगळं बहिणीने, आणि बहिणीला निस्तरायचं मी.

मी शर्टाच्या फॅक्टरीत चेकर आहे. शिवून झालेला प्रत्येक शर्ट माझ्या टेबलावर येतो. कॉलरचं एक टोक दुसऱ्यापेक्षा केसभर खाली असलं तरी मी लाल पट्टी चिकटवते आणि तो शर्ट मागच्या मशीनमध्ये जातो, त्याच्या चिंध्या होतात. लाइनवरच्या बायका मला लालबाई म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण म्हणतात. बहिणीचं मत असं, की मी लग्न केलं असतं तर सासूलाही लाल पट्टी लावून परत पाठवलं असतं. म्हणूनच चव बघायचं काम माझ्याकडे आलं.

"मी आई आहे," ती म्हणाली, "मला मीठ कमीच लागणार. तू खडूस आहेस, तू खरं ते सांगशील."

हे सगळं सुरू झालं एका नव्या गोळीमुळे. थोरलीला त्या गोळीच्या चाचणीत घेतलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आम्हाला चौघींनाही समोर बसवलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा हा आजार माझ्या डोक्यात शिरेल असा सांगितला. म्हणाल्या, आपल्या पेशींमध्ये सारखी प्रथिनं तयार होत असतात. प्रथिन म्हणजे मण्यांची लांबलचक माळ. ती तयार होता होता तिला घड्या पडतात आणि ठरलेला आकार येतो. तो आकार आला तरच ती कामाची. या मुलींच्या एका प्रथिनात हजार-दीड हजार मण्यांमधला एकच मणी नाही, आणि तेवढ्यावरून घडी चुकते. हे प्रथिन म्हणजे पेशीच्या भिंतीतलं मिठाचं दार. दार नाही म्हणून मीठ जिथून जायला हवं तिथून जात नाही, घाम खारट होतो आणि कफ घट्ट.

"म्हणजे वाकडं दार लावल्यामुळे ते अडकून बसतं," मी म्हटलं.

"लावतच नाहीत हो," बाई म्हणाल्या. "पेशीत तपासनीस असतात. घडी चुकलेली दिसली की ते त्या प्रथिनाला खूण चिकटवतात आणि तुकडे करणाऱ्या यंत्रात पाठवून देतात. काम चांगलंच आहे त्यांचं. नाहीतर चुकलेली प्रथिनं साचत जातात आणि त्याचेही आजार होतात. पण हे दार त्यांनी आहे तसं बसू दिलं असतं ना, तर थोडंफार चाललं असतं."

माझ्या कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. "चालणारा माल फेकून देतात?"

"देतात. त्यांना काय माहीत तो चालतो ते. ही गोळी घडी पडताना त्या माळेला धरून ठेवते. म्हणजे तपासनीस तिला सोडतात."

दुसऱ्या दिवशी फॅक्टरीत मी दुपारपर्यंत एकाही शर्टाला लाल पट्टी लावली नाही. सुपरवायझर येऊन ताप आहे का विचारून गेला.

पण घोडं दोन ठिकाणी अडलं होतं. एक म्हणजे, चाचणीतल्या निम्म्या मुलांना खरी गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, पण आत काहीच नसलेली. कोणाला कोणती, ते मुलांना माहीत नाही, आईबापांना नाही, बाईंनाही नाही. "घरी अंदाज बांधत बसू नका," त्यांनी बजावलं. आम्ही माना हलवल्या आणि घरी जाऊन रविवारचा बेत ठरवला. दुसरं म्हणजे, बारा वर्षांच्या आतल्या मुलांना चाचणीत जागाच नव्हती. "लहान मुलांच्या लिव्हरला ही गोळी झेपते का, हे अजून आम्हाला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "धाकटीचा नंबर लागेल. दोन-तीन वर्षं जातील."

गुंडी खुर्चीत बसून पाय हलवत होती. "तोपर्यंत मी काय करू?"

"भरपूर खा," बाई म्हणाल्या.

सगळे हसलो. थोरली हसली नाही, ती गुंडीच्या पायांकडे बघत होती. मोज्यांतून नुसती हाडं दिसत होती.

पहिल्या रविवारी थोरली खारट. दुसऱ्या रविवारीही खारट. "नीट बघितलंस का? परत बघ," बहीण म्हणाली. मी म्हटलं, पोरगी आहे ती, पातेलं नाही परत परत चाखायला. आता नुसत्या जिभेला इतका बारीक फरक कसा कळणार, म्हणून मी एक माप ठरवलं. गुंडीला गोळी नाही, तेव्हा तिच्यात काही बदल व्हायचं कारण नाही. मग गुंडीपेक्षा थोरली कमी खारट लागली तर गोळी खरी, गुंडीएवढीच लागली तर खोटी. फॅक्टरीतही आम्ही असंच करतो, एक नमुन्याचा शर्ट टेबलावर ठेवतो आणि बाकीचे त्याच्याशी ताडून बघतो. माझ्या या हुशारीवर मी खूश होते.

आणि दर रविवारी दोघी अगदी सारख्या लागायच्या.

बहीण आधी माझ्यावर चिडली, मग गोळीवर, मग कोणावरच नाही. नुसती ओट्याशी उभी राहून कप घासत बसायची. घासलेलेच पुन्हा घासायची. मला तिच्याकडे बघवत नसे. मी थोडंसं खोटं बोलावं असं वाटायचं, पण खोटं मला जमत नाही आणि तिला ते माहीत होतं. शेवटी एका रविवारी ती म्हणाली, "पुढच्या तपासणीला मी सांगून टाकते, हिला काढा चाचणीतून. खडूच्या गोळीसाठी पोरीचं रक्त कशाला काढू द्यायचं?"

थोरली एकदम म्हणाली, "नाही. काढायचं नाही." तिचा आवाज इतका वर गेला की गुंडीसुद्धा गप्प झाली. मला वाटलं, वय आहे, असं होतं.

त्याच आठवड्यात फॅक्टरीत उकाड्याचा कहर झाला. इस्त्रीच्या मशीनमधून वाफ येत होती, पंखा बंद पडलेला, आणि कपाळावरचा घाम ओघळून माझ्या ओठावर आला. हातात दोन शर्ट होते, पुसणार कशाने? चाटला. आणि तशीच उभी राहिले.

तो घाम गुंडीएवढा खारट होता. माझा. धडधाकट बाईचा.

आधी वाटलं, आपलंच काहीतरी बिघडलंय. मनगट चाटलं. शेजारची बाई बघायला लागली. मनगटही तसंच. मग हळूहळू डोक्यात उजेड पडायला लागला. मी थोरलीला गुंडीशी ताडून बघत होते. पण गुंडीच बदलली असेल तर? माझा नमुन्याचा शर्टच बदलला असेल तर? गुंडीचं मीठ कशाने कमी होणार? तिला तर कोणी गोळी देत नव्हतं.

शिफ्ट संपेपर्यंत मी काय तपासलं ते मला आठवत नाही. तिथून थेट बहिणीकडे गेले. ती दुकानातून यायची होती, मुली घरीच होत्या. मी गुंडीला खिडकीशी ओढलं आणि कपाळाचा पापा घेतला. कमी. अगदी सरळ कमी. एवढ्या महिन्यांत मला हे कळलं नव्हतं, कारण मी स्वतःला फार शहाणी समजत होते.

"आज कुठे रविवार आहे?" गुंडी म्हणाली आणि दंड खाजवायला लागली. दंडावर नखांचे लांब लांब ओरखडे होते.

"हे कधीपासून?"

"खाज येते. पोटपण दुखतं, पण थोडंसंच. मावशी, पण मी आता जिना पळत चढते. दाखवू?" आणि मी नको म्हणायच्या आत ती खाली गेली आणि धडधडत वर आली. खोकली नाही. गाल लाल, डोळे चमकलेले. मी त्या डोळ्यांकडेच बघत होते. पांढऱ्या भागावर पिवळी झाक होती. पडदा पिवळा होता म्हणून मी तो बाजूला केला. झाक गेली नाही.

थोरली दारात उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. तिलाच राहवलं नाही.

"गोळी टी-शर्टच्या टोकात धरून चिमणीच्या दाताने तोडते," ती म्हणाली. "उष्टी होऊ नये म्हणून. माझे जंतू तिला नकोत. आईसमोर गिळल्यासारखं करते आणि मुठीत ठेवते. अर्धी तिची, अर्धी माझी."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि खोटी असती तर?"

"मग दोघींना खोटी."

"आणि खरी आहे तर तुला अर्धीच मिळतेय, हे कळतं का तुला?" माझा आवाज चढला. "तुझं काय होणार?"

"तिला काहीच मिळत नव्हतं," थोरली म्हणाली. "मावशी, तू तिला त्या मास्कमध्ये बघितलंस ना? दोन-तीन वर्षं म्हणाल्या त्या. तिच्याकडे बघून तुला वाटतं दोन-तीन वर्षं?"

मी पडदा पुन्हा होता तसा ओढला.

"आईला सांगू नकोस," ती म्हणाली. "सांगितलंस तर मला काढून टाकतील. मग दोघींनाही काही नाही."

इकडे आड आणि तिकडे विहीर म्हणतात ते हेच. सांगितलं तर थोरलीची गोळी जाते. नाही सांगितलं तर ते पिवळे डोळे. बहीण दारातून आत आली, हातातली पिशवी ठेवायच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं. थांबले असते तर माझाच धीर सुटला असता.

ती आधी हसली. खरंच हसली, माझे दोन्ही हात धरून. "म्हणजे गोळी खरी आहे. खरी आहे गं." मग गुंडीच्या डोळ्यांकडे नजर गेली आणि हसू तिथेच राहिलं. खुर्चीवर बसली. बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी हिशेबी होता.

"गुंडीची आजपासून बंद. थोरलीला पूर्ण. डॉक्टरीणबाईंना कशाला कळायला हवं?"

"आणि गुंडीचं लिव्हर?"

"बंद केलं की बरं होईल."

"तू डॉक्टर कधी झालीस? तिचं रक्त तपासायला हवं. उद्या सकाळी. आणि रक्त काढताना ते विचारणार, हिने काय घेतलं, तेव्हा काय सांगशील?"

"काहीतरी सांगेन. तू मध्ये पडू नकोस." ती उठून उभी राहिली. "तुझ्या त्या लाल पट्ट्या तुझ्या फॅक्टरीत लाव. माझ्या पोरींना लावू नकोस."

मला ते लागलं. आजही लागतं. पण मी बसल्या जागेवरून हलले नाही, आणि तिला माहीत होतं की मी हलणार नाही. सकाळी आम्ही चौघी बाहेर पडलो. वाटभर गुंडी दंड खाजवत होती.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, गुंडीचं रक्त घेतलं, आणि मग तिला फुंकायच्या यंत्रासमोर बसवलं. त्यात जोरात फुंकर मारली की छातीत किती दम आहे तो आकडा येतो. गुंडी मनापासून फुंकली. बाईंनी आकडा बघितला, पुन्हा फुंकायला लावलं, आणि कागद हातात धरून कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या.

"कमी आहे का?" बहिणीने विचारलं.

"नाही. गेल्या दोन वर्षांत हिचा एवढा कधीच आला नव्हता."

"गोळीमुळे ना?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "मला माहीत असायची परवानगी नाही." आणि त्या उगाचच खिडकीकडे बघायला लागल्या.

दुपारी रक्ताचा रिपोर्ट आला. लिव्हरचे आकडे कितीतरी पटींनी वर होते. गोळी थांबली की उतरतील, त्या म्हणाल्या, वेळेवर आलात. वेळेवर आला नसतात तर काय, हे कोणी विचारलं नाही. गुंडीने मात्र तिचा प्रश्न विचारला. "मग मी पुन्हा जिना हळू चढायचा का?"

थोरली उठून बाहेर गेली.

थोरलीचं प्रकरण वरच्या समितीकडे गेलं. निकाल लागेपर्यंत तिचीही गोळी बंद. असं झालं की बहुतेक काढूनच टाकतात, बाईंनी लपवलं नाही. ते दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. थोरली माझ्याशी बोलेना, बहीण कामापुरतं बोले. फॅक्टरीत फोन वाजला की मी हातातला शर्ट टाकून धावायचे. गुंडीचे डोळे पांढरे झाले, खाज गेली, आणि एका सकाळी जिन्याच्या मधल्या पायरीवर ती खोकत बसलेली मला दिसली. मी तिच्या शेजारी बसले. दोघींनी मिळून कठड्याचे गज मोजले, म्हणजे तिला दम लागलाय हे दोघींनाही बोलायला लागू नये.

शेवटी फोन आला. थोरलीचं रक्त स्वच्छ होतं, तिने स्वतःहून कबूल केलं हेही धरलं होतं. म्हणजे मी सांगितलं ते तिच्या नावावर जमा झालं होतं, आणि ते तसं कोणी केलं हे डॉक्टरीणबाईंनाच माहीत. गोळी पुन्हा सुरू होणार. पण एक अट. प्रत्येक गोळी आईबाप सोडून दुसऱ्या कोणा मोठ्या माणसासमोर घ्यायची, आणि त्या माणसाने तोंड उघडायला लावून जिभेखाली, गालांच्या आत, सगळीकडे बघायचं. कोण बघणार, असं बाईंनी विचारलं तेव्हा बहीण एक क्षणही न थांबता म्हणाली, "हिची मावशी. ती सोडायची नाही." माझ्याकडे न बघताच म्हणाली, पण म्हणाली.

पहिल्या सकाळी मी फॅक्टरीत जायच्या आधी तिथे गेले. लोणी लावलेला पाव बशीत होता, कारण ती गोळी तेलातुपाबरोबरच लागू पडते. थोरलीने गोळी तळहातावर घेतली आणि तशीच बसून राहिली. बहीण पाठ करून ओट्याशी उभी होती. मी म्हटलं, घे. ती म्हणाली, मला नको.

"अगं, पूर्ण आहे. तुझीच आहे."

"म्हणूनच नको." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि तिने ओठ घट्ट मिटले. मी तिला काय सांगणार होते? नियम म्हणजे नियम? मी तिथे का उभी होते तेच मला कळेना. खोटं कशाला सांगू, मला तेव्हा त्या पोरीच्या हातातली गोळी घेऊन स्वतःच्या दाताने तोडावीशी वाटत होती.

गुंडीने तिची खुर्ची ओढत थोरलीजवळ आणली. "घे ना ताई," ती म्हणाली. "पाव गार होतोय. मी मोठी झाले की माझी घेईन."

थोरलीने गोळी तोंडात टाकली आणि पाणी प्यायली. मी म्हटलं, तोंड उघड. मी वाकायच्या आत गुंडी खुर्चीवर चढली, थोरलीची हनुवटी धरली आणि आत डोकावली. जीभ वर करायला सांगितली. एक गाल बोटाने ओढून बघितला, मग दुसरा. फार वेळ बघत होती.

"काही नाही राहिलं," ती म्हणाली, आणि खुर्चीवरून उतरून खोकायला बाथरूममध्ये गेली.